कर्णिकबाईंचं मूळ माप

कर्णिकबाई एक गोष्ट दोनदा सांगत नाहीत. वेळ विचारली तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवतात. आज कोण रजेवर आहे विचारलं तर म्हणतात, "फळ्यावर आहे." कामाला आल्या त्या दिवशी मी त्यांना समोर बसवून पहिला प्रश्न विचारला, "नाव काय तुमचं?"

"अर्जावर लिहिलंय."

अर्ज माझ्याच हातात होता.

मी शाळांचे गणवेश शिवून देतो. विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझा गाळा आहे. बावीस मशिनं, दोन इस्त्रीची टेबलं आणि एक लांबलचक कटिंग टेबल. साताऱ्याकडून आलेलो तेव्हा दुसऱ्यांच्या कापडाचे गठ्ठे खांद्यावरून वाहायचो. तिथून इथवर जे आलं ते भाव करून आलं. भाव करणं ही माझी विद्या आहे. समोरचा माणूस कितीही कडक असला तरी दोन कप चहात हलतो. आणि नाही हलला तर माझा आवाज चढतो, मग हलतो.

बाईंशी मी कामाच्या वेळेवरून सुरुवात केली. म्हटलं, नऊ ते सात.

"नऊ दहा ते पाच पन्नास," बाई म्हणाल्या. "मला कोपरीला परत जायचं असतं."

"साडेसहा करा."

"पाच पन्नास."

मी चहा मागवला. सव्वासहावर आलो. मग म्हटलं, "अहो बाई, निदान सहा तरी म्हणा. गोल आकडा आहे."

"जगताप, आकडा सांगून झालाय."

गाळ्यात मला सगळे शेठ म्हणतात. बाई पहिल्या दिवसापासून जगताप म्हणतात. मी रागावून अर्ज टेबलावर आपटला आणि त्यांना कामावर घेतलं. कारण सरळ होतं. वीसेक वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात काढलेली बाई, तो कारखाना बंद पडल्यामुळे मला मिळत होती. आणि माझ्या गाळ्यात तेव्हा मापांचा नुसता गोंधळ होता.

आमच्या धंद्यात मार्च-एप्रिलमध्ये शाळाशाळांत जाऊन पोरांची मापं घ्यायची. मग एक वही मापाची, एक वही कटिंग मास्तरांची, एक वही पॅकिंगची. तिन्ही वह्यांत एकाच पोराची तीन मापं. एकदा आठवीतल्या उंच मुलीला पहिलीतल्या मुलीचा फ्रॉक गेला आणि पहिलीतली पोरगी आठवीच्या फ्रॉकमध्ये घरी गेली. तिची आई तो फ्रॉक घेऊन गाळ्यावर आलेली. म्हणाली, "यात आम्ही दोघी मावतो."

बाईंनी पहिल्या आठवड्यात तिन्ही वह्या घेतल्या, सुतळीने बांधल्या आणि माळ्यावर टाकल्या. मग कॉम्प्युटरवर शीट बनवली. एक शीट मापाची, एक कटिंगची, एक कापडाची, एक पॅकिंगच्या चिठ्ठ्यांची. मी म्हटलं, "बाई, हे तर तेच झालं. तीन वह्यांच्या चार वह्या."

"नाही. आकडा एकदाच लिहायचा. बाकीच्यांनी तिकडे बघायचं."

आणि त्यांनी मला करून दाखवलं. आयुष्यात त्यांनी मला एवढी एकच गोष्ट दोनदा दाखवली. कटिंगच्या शीटमध्ये एका चौकटीत बरोबरचं चिन्ह (=) टाकलं. मग मापाच्या शीटवर गेल्या, तिथल्या एका चौकटीवर क्लिक केलं आणि एन्टर दाबलं. झालं. आता मापाच्या शीटमध्ये बावीसचे चोवीस केले की कटिंगमध्ये आपोआप चोवीस, कापड तेवढं वाढलेलं, चिठ्ठीवरही चोवीस. मी पाच-सहा वेळा आकडा बदलून बघितला. दुसऱ्या खोलीत बसलेल्या माणसाने माझं ऐकावं तसं वाटलं. माझं इतक्या चटकन कोणी ऐकत नाही.

बाईंचे नियम होते. हाताने लिहिलेला आकडा निळा. तो मूळ. दुसरीकडे बघून आलेला आकडा काळा. काळ्याला हात लावायचा नाही. तसा कागदच त्यांनी कॉम्प्युटरच्या वर चिकटवला: "काळ्याला हात लावू नये." इस्त्रीवाल्या बायकांना काही दिवस हे भलतंच वाटत होतं.

कोणी काहीही घेऊन आलं की बाईंचा एकच सवाल, "मूळ कुठे आहे?" शाळेचा शिपाई म्हणाला, सरांनी सांगितलंय बटणं पांढरी हवीत. मूळ कुठे आहे? ओव्हरलॉकवाली म्हणाली, उद्या पाणी येणार नाही असं ऐकलंय. मूळ कुठे आहे? ती बिचारी बिल्डिंगच्या फाटकापर्यंत जाऊन नोटीस वाचून आली. पाणी येणार होतं.

काळ्याला हात मीच लावला. एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला, सहावीच्या पॅन्टी चौतीसच्या करा. बाई पाच पन्नासला गेलेल्या. मी कटिंगच्या शीटमध्ये जाऊन ठोकून चौतीस लिहिले. दोन दिवसांनी शाळेने पुन्हा मापं पाठवली, बाईंनी ती मापाच्या शीटमध्ये भरली, सगळीकडे बदलली. माझा चौतीस तसाच बसून राहिला. चाळीस पॅन्टी कापून झाल्यावर कळलं.

बाईंनी त्या चौकटीवर बोट ठेवलं. "हा आकडा मेलेला आहे."

"म्हणजे?"

"आता कोणाकडे बघत नाही. तुम्ही मारलात."

मी खूप ओरडलो. एवढं लचांड कशाला हवं, माणसाला स्वतःच्या गाळ्यात एक आकडा लिहिता येत नाही, वगैरे. बाई मान खाली घालून, पण अजिबात न घाबरता, माझं संपेपर्यंत थांबल्या. मग खुर्चीतून उठल्या आणि मला बसायला सांगितलं. "तुम्हीच जोडा परत." मी बरोबरचं चिन्ह टाकलं, मापाच्या शीटवर गेलो, क्लिक केलं, एन्टर दाबलं. चौकट काळी झाली. "आता जिवंत आहे," बाई म्हणाल्या आणि डब्यातली एक खोबऱ्याची वडी माझ्यापुढे ठेवली.

एकदा त्यांना ताप आला. त्यांच्याकडे एका शाळेच्या मापांचे कागद होते, म्हणून मी कोपरीला त्यांच्या घरी गेलो. जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाई एकट्याच राहतात. दार शेजारणीने उघडलं आणि मी आत बघतच राहिलो. बाहेरच्या खोलीत, जिथे कोणाच्याही घरी कॅलेंडर असतं तिथे, खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला: "तारीख स्वयंपाकघरात पाहावी."

"बाई, दुसरं कॅलेंडर मी देतो. गेल्या वर्षीची शंभर छापून उरलीत."

"दोन कॅलेंडरं असली की एकाचं पान उलटायचं राहतं," शाल गुंडाळून बसलेल्या बाई म्हणाल्या. "मग ते खोटं बोलतं."

शेजारीण माझ्याकडे बघून हसली. "दादा, हिला मी विचारलं, औषध घेतलंस का? तर म्हणते, पाकिटावर खूण आहे."

भिंतीवर शाळेतले तीन फोटो होते, वर्गाचे असतात तसे. मी धंद्याच्या नजरेने गणवेश बघितले. चौकडीचा फ्रॉक, पुढे तीन बटणं. तीन फोटोंत तीन वेगवेगळ्या मुलींभोवती शाईने गोल केलेले.

"बहिणी का?"

"दोन मोठ्या. तिसरी मी."

"एकाच शाळेत?"

"एकाच फ्रॉकमध्ये," बाई म्हणाल्या.

मी हसलो. जवळ जाऊन बघितलं तर खरंच, दुसऱ्या फोटोत फ्रॉकच्या खालच्या बाजूला एक गडद पट्टा होता, आणि तिसऱ्यात दोन. उसवून खाली सोडलेल्या कापडाची ती खूण. आत दुमडलेलं कापड विटत नाही, बाहेरचं विटतं. आमच्या धंद्यात त्या दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. मी म्हटलं, "शिंपी चांगला होता. माया भरपूर ठेवलेली." बाईंनी कागद पुढे केले. मी मापांचे कागद घेतले आणि निघालो.

आता यंदाच्या मे महिन्याचं सांगतो.

बाईंची कापडाची शीट दर वर्षी माझ्या अंदाजापेक्षा थोडं जास्त कापड मागते. मी गठ्ठे वाहिलेला माणूस आहे. पोरं किती, इयत्ता कुठल्या, एवढं सांगितलं की कापड किती लागेल ते मी डोळे मिटून सांगतो. बाई हातचं राखून सांगतात असं मी धरून चाललेलो आणि दर वर्षी कुरकुरत त्यांच्या आकड्याएवढं आणायचो. यंदा शीटने जरा जास्तच मागितलं. निळ्या कापडाचे दोन ताके, म्हणजे दोन अख्ख्या गुंडाळ्या, जादा. मी शीटशीही भाव केला. दोन ताके कमी आणले.

शाळा उघडायला थोडे दिवस राहिलेले, निळं कापड संपत आलं आणि माल अजून बराच कापायचा होता. उल्हासनगरच्या व्यापाऱ्याला फोन लावला तर म्हणाला, "जगतापभाई, वो शेड का माल खतम. अगला लॉट रंग में फरक आएगा." रंगात फरक म्हणजे एका वर्गात दोन निळे. शाळा माल परत पाठवते आणि पुढच्या वर्षी दुसरा शोधते.

मी आधी व्यापाऱ्यावर घसरलो. ताक्यात कापड कमी भरतोस म्हणालो. तो तसाच स्कूटरवर आला आणि उरलेल्यातला न उघडलेला एक ताका त्याने माझ्यासमोर टेबलावर मोजून दाखवला. भरला. उलट अर्धा हात जास्त. जाताना म्हणाला, "घर में देखो, भाई."

घरात म्हणजे म्हात्रे मास्तर. आमचे कटिंग मास्तर, इथल्याच भाल गावचे, चाळीस वर्षं कातर चालवणारे. माझं डोकं तापलेलं. बावीस मशिनांच्या देखत मी विचारलं, "मास्तर, कापड जातंय कुठे?"

मास्तरांनी वर बघितलं. "मंजे?"

"माझ्या अंदाजाने पुरायला पाहिजे होतं. पुरलं नाही. टेबलावर तुमच्याशिवाय कोणाचा हात नसतो."

"चालीस वर्सां झाली या धंद्यान. एक चिंधी घरी न्हेली नाय. तुमी मना चोर बोलता?"

"मी विचारतोय."

मास्तरांनी कातर टेबलावर ठेवली. मिटून, टोक स्वतःकडे करून. ज्याने गाळ्यात काम केलंय त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मास्तरांच्या कातरीला दुसरा कोणी हात लावत नाही, आणि मास्तर ती अशी ठेवून निघाले की परत येत नाहीत. एकेक करून सगळी मशिनं बंद झाली. मला कळत होतं की हंगाम बुडाला. पण तोंडातून शब्द मागे घेणं मला जमत नाही.

तेवढ्यात केबिनच्या दारात कर्णिकबाई उभ्या राहिल्या.

"जगताप, आत या. मास्तर, तुम्हीही या. मूळ दाखवते."

आम्ही दोघं त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिलो, एकमेकांकडे न बघता. बाईंनी कापडाची शीट उघडली. एकूण कापडाच्या चौकटीवर गेल्या. ती कटिंगकडे बघत होती. कटिंगमधली लांबी मापाकडे बघत होती, आणि तिच्यात माया मिळवलेली होती. बहुतेक पोरांना दोन इंच. काहींना चार.

"हे चार कशाला?" मी म्हटलं. "चार कोणी सांगितले? मूळ कुठे आहे?"

हा प्रश्न मी त्यांना पहिल्यांदाच विचारत होतो. बाईंनी खाली शीटच्या नावांवर माऊस नेला, काहीतरी दाबलं, आणि मी कधीच न पाहिलेली एक शीट वर आली. नाव होतं "वाढ". तीत नावं होती. आमच्या सगळ्या शाळांमधली पोरं.

"ही कोण?"

"गेल्या वर्षी आपण यांची मापं घेतली, पण यांनी गणवेश घेतला नाही. जुन्यावर वर्ष काढलं." बाई पडद्याकडे बघूनच बोलत होत्या. "गेल्या वर्षीच्या फाइलमधून नावं आपोआप येतात. यंदा घेतलाय. म्हणजे तो आता दोन-तीन वर्षं चालवायचा असणार. म्हणून चार इंच."

"किती वर्षं चाललंय हे?"

"पाच."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"शीटमध्ये होतं."

"लपवलेल्या शीटमध्ये!" मी टेबलावर हात आपटला. "सगळ्या जगाला सांगता, एका जागी लिहा, सगळ्यांना दिसेल असं लिहा. आणि स्वतः?"

बाईंनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

मी मास्तरांकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुमड मीच आखतंय ना," मास्तर म्हणाले.

"मग मघाशी का नाही बोललात? मी तुम्हाला चोर ठरवत होतो!"

"बायनं सांगितला नाय. मी कनाला सांगू?"

म्हणजे हा माणूस कातर ठेवून घरी जायला तयार होता, पण बाईंचं गुपित फोडायला नाही. माझ्याच गाळ्यात. मी खुर्ची ओढून बसलो. राग इतका आलेला की भाव करायला लागलो.

"तीन करा," मी म्हटलं.

बाई उठल्या. "चौकट एकच आहे. निळी आहे. तुम्ही बदला."

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. पडद्यावर, नावांच्या वर, निळ्या रंगात एकटा चार होता. मी तो खोडला आणि तीन लिहिले.

"एन्टर दाबलंत की सगळीकडे बदलेल," बाई म्हणाल्या. "मास्तर उरलेला माल त्याच मापाने कापतील. दोन ताके वाचतील की नाही माहीत नाही, पण थोडं वाचेल."

एन्टर दाबायच्या आधी मी खाली नावं वाचली. ती वाचायला नको होती. त्यात एक आडनाव असं होतं की त्या पोराचा बाप माझ्याकडेच इस्त्रीच्या टेबलावर उभा असतो. दर वर्षी मापं घेताना मी त्या पोराला हाक मारून म्हणायचो, "काय रे, वाढलास की!" त्याने गेल्या वर्षी गणवेश घेतला नाही हे मला ठाऊक नव्हतं. बापाने सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

वर डाव्या हाताला एक बटण असतं, ते दाबलं की लिहिलेलं रद्द होतं. बाईंनी मला ते कधी दाखवलं नव्हतं. मला ते आपलं आपण सापडलं. चार परत आला.

"कापडाचं काय करायचं?" मी ओरडलो. कोणावर तरी ओरडणं भाग होतं.

मास्तर म्हणाले, "पॅन्टीचा पट्टा आतून निला कोन बघतंय? आतली बाजू पांढऱ्या चिंध्यांची लावू. नि कापायचे पुठ्ठ्याचे फर्मे कापडावर जरा खेटून मांडतो." मास्तर बाहेर गेले. आम्ही आतून ऐकत होतो. थोड्या वेळाने कातरीचा आवाज आला आणि त्याच्यामागून एकेक मशीन सुरू झालं. मी मास्तरांसाठी स्वतः जाऊन चहा आणला. माझ्याकडून माफी एवढीच येते, आणि चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला ते कळतं. चहा पिऊन ते म्हणाले, "साकर कमी हाय."

माल वेळेवर गेला. दोन ताक्यांची तूट होती. फर्मे खेटून दीड ताका भरून निघाला, उरलेलं मास्तरांनी चिंध्यांतून काढलं. "वाढ" नावाची शीट आता लपलेली नाही. मीच सांगितलं, उघडी ठेवा. पुढच्या वर्षी कापड मागवताना मी शीटशी भाव करणार नाही, असंही सांगितलं. बाई म्हणाल्या, "लिहून द्या."

पण माझा राग गेलेला नाही, तो मी इथे लिहून ठेवतो. पाच वर्षं त्या माझ्या गाळ्यात बसल्या, माझ्या कापडात पोरांना दोन-दोन इंच वाढवत राहिल्या, आणि मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. ते त्यांना माहीत होतं. मला राग आहे तो त्यांना ते बरोबर माहीत होतं याचा.

परवा पाच पन्नासला त्या पर्स उचलून निघाल्या तेव्हा मी दारात अडवलं. म्हटलं, "एकच विचारतो. तीन इंचानेही दोन वर्षं निघतात. मला धंदा कळतो. चारच का?"

"सांगून झालंय," बाई म्हणाल्या.

"मला? कधी?"

"कोपरीला. भिंतीवर आहे."

आणि गेल्या.

मी जागच्या जागी उभा राहून ते तीन फोटो आठवले. पहिल्या फोटोत फ्रॉक नवा, गुडघ्याखाली. दुसऱ्यात एक पट्टा, गुडघ्यापर्यंत. तिसऱ्यात दोन पट्टे. तिथे माया संपलेली होती, आणि तिसरी मुलगी, म्हणजे बाई, दोघींपेक्षा उंच होती. रांगेतल्या सगळ्या मुलींचे हात मागे बांधलेले होते. शाईने गोल केलेल्या मुलीचे दोन्ही हात पुढे होते. तेव्हा मला वाटलेलं, अवघडून उभी आहे. ती फ्रॉकची कड धरून खाली ओढत होती.